होऊ घातलेल्या संताची घरमालकीण

माझा तीन पुडांचा स्टीलचा डबा ज्या पोट्ट्याने बस स्टँडवरच्या एका माणसाला झाकणासकट देऊन टाकला, त्याला आता संत करायचं चाललं आहे. थट्टा नाही करून राहिले. अमरावतीच्या त्याच्या चर्चचे फादर स्वतः माझ्या घरी आले, चहा प्याले, मोबाईल टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "काकू, तुम्हाला जे आठवेल ते बोला. लगेच काही होत नसतं, बरीच वर्षं लागतात. पण आठवणी ताज्या आहेत तोवर गोळा करून ठेवलेल्या बऱ्या." मी म्हटलं, "फादर, माझ्याजवळ आठवणी नाहीत, तक्रारी आहेत." ते हसले. त्यांना वाटलं, म्हातारी गमतीची आहे.

अकोल्यात जठारपेठेत माझं घर आहे. खाली मी राहते, वरच्या खोल्यांत बाहेरगावची पोरं राहतात. डॉक्टरकीच्या परीक्षेचे क्लास करायला ही पोरं अकोल्यात येतात, दिवसभर क्लास, संध्याकाळी टेस्ट, आणि दोन वेळा माझ्या हातचं जेवण. मालक गेल्यापासून माझा संसार याच्यावरच चालला आहे. सिगरेटी ओढणारी पोरं पाहिली, गच्चीवरून समोरच्या पोरींना खाणाखुणा करणारी पाहिली, एकाने तर खोलीत सशाची जोडी पाळली होती. सगळ्यांना मी पुरून उरले. जेरीस आणलं ते या एका सज्जन पोट्ट्याने. दुसऱ्या वर्षी पावसाळा संपता संपता ताप घेऊन अमरावतीला घरी गेला, डेंग्यू निघाला, आणि परत आलाच नाही. सतरा वर्षांचा होता.

त्याची आई मला दर रविवारी दुपारी फोन करते. तो लहान असतानाच त्याचे वडील वारले, एकुलतं एक पोर, घरात आता ती एकटी. चर्चमधली मिस्सा, म्हणजे त्यांची रविवारची प्रार्थना, आटोपून घरी आली की माझा फोन वाजतो. "ताई, जेवल्या का?" एवढं विचारून झालं की लगेच म्हणते, "सांगा न त्याची एखांदी तक्रार."

पहिल्यांदा तिने असं विचारलं तेव्हा मी गडबडलेच. मेलेल्या लेकराची तक्रार त्याच्या आईजवळ कोणी करते का? पण ती म्हणाली, "लोकं घरी येऊन राहिले ताई. माह्या पाया पडतात. त्याच्या फोटोसमोर मेणबत्त्या लावतात. तो फोटो पाहून पाहून असं झालं का डोळे मिटले का तोच येते. माह्यं पोरगं येतच नाई. सारे त्याचं चांगलंच सांगतात, मले तो त्याच्यात सापडत नाई. तुमी एकट्याच त्याच्यावर अजून चिडून हाय." तो फोटो मीही पाहिला आहे. चर्चवाल्यांनी कार्डावर छापला आहे. कोणीतरी कॉम्प्युटरवर त्याचे केस चापून बसवले, रंग उजळवला आणि डोक्यामागून उजेड सोडला. खरा पोट्टा असा नव्हता. उंच, हडकुळा, मान पुढे काढून चालणारा, आणि जिना चढताना प्रत्येक वेळी शेवटच्या पायरीला ठेचकाळणारा. तर आता दर रविवारी मी त्या फोटोतून तिचं पोरगं ओढून बाहेर काढायचं, असं माझ्या नशिबी आलं.

मग मी सुरू करते. तक्रारींना तोटा नाही.

तिने त्याला आणून सोडलं त्याच दिवशी मला बजावलं होतं, "जेवणाचे नखरे नाई याचे. फक्त याच्या हाती काई ठेवू नका. हा देऊन टाकते." मला वाटलं, आईचं कौतुक आहे. महिनाभरात याची उशी क्लासच्या वॉचमनकडे, छत्री भाजीवालीकडे, आणि स्वेटर कोणाकडे ते त्यालाही आठवत नव्हतं. तोवर मी गप्प होते. स्वतःचं द्या बापा, स्वतः कुडकुडा. पण डबा माझा होता! माझ्या माहेरचा, हिवरखेडहून आलेला, जाड पत्र्याचा. मी विचारलं, "अबे, जेवण द्यायचं होतं तर देतास. डबा कायले दिला?" तर म्हणतो, "काकू, त्याच्याजवळ ठेवायले काईच नव्हतं. वरण कायच्यात ठेवीन तो?" दुसऱ्या दिवशी मी त्याला पोळीत भाजी गुंडाळून दिली. ती पोळीही त्याने खाल्ली नसणार, मला माहीत आहे.

खोटं बोलायचं नाही, हे त्याचं दुसरं खूळ. एप्रिल महिना, आणि एक गृहस्थ मुलाला घेऊन खोली पाहायला आले. चांगले सधन, भातकुलीकडचे, मुलगा एकुलता. खोली आवडली, जेवण विचारलं, सगळं जमत आलं होतं. निघता निघता त्यांनी सहज विचारलं, "पाण्याचं काही टेन्शन नाही ना?" मी म्हटलं, "छे, काहीच नाही." तेवढ्यात हा वरून उतरला. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. पण थांबून म्हणाला, "काका, नळ चार-पाच दिवसांनी येते. मे महिन्यात टँकर लागते. पण काकू आमाले कमी पडू देत नाई, स्वतः कमी वापरतात." काकांनी फक्त पहिली दोन वाक्यं ऐकली आणि मुलाला घेऊन गेले. मी त्याच्यावर असं तोंड सोडलं की शेजारीण गॅलरीत आली. तो खाली मान घालून उभा. शेवटी म्हणाला, "सॉरी काकू. पण ते पोरगं मे महिन्यात इथं आलं असतं तर तुमालेच शिव्या देल्या असत्या." बरोबर होतं ते. म्हणून तर जास्त संताप आला.

आणि शनिवार! शनिवारी संध्याकाळी हा चर्चमध्ये फादरजवळ जाऊन आपली पापं कबूल करायचा. त्यांची तशी रीत आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्याचं असं ठाम मत होतं की ज्याचं पाप केलं त्याची आधी माफी मागायची आणि मग देवाची. त्यामुळे शनिवारी दुपारी चार वाजले की माझे कान जिन्याकडे लागायचे. मी ओट्याशी उभी असायची आणि हा दारात येऊन उभा राहायचा. "काकू, परवा तुमी वांग्याचं भरीत केलं होतं न, ते मले आवडलं नाई. मी मनात म्हटलं, कसं करून ठेवलं हे. माफ करा." आता सांगा! मला ते माहीत नव्हतं. मला माझ्या भरताचा अभिमान होता. आमच्याकडे शेकोटीवर वांगी भाजून केलेलं भरीत खायला लोक यायचे. माहीत नव्हतं तोवर मी सुखात होते. याने आपलं ओझं माझ्या डोक्यावर ठेवलं आणि स्वतः हलका होऊन चर्चला गेला. एकदा म्हणाला, "काकू, तुमी फोनवर तुमच्या भावजयीले बोलत होत्या ते मी ऐकलं, अन् मले तुमचा राग आला." मी लाटणं उगारलं. शेजारणीकडे जाऊनही त्याने कशाची तरी माफी मागितली होती, काय ते तिने मला अजून सांगितलं नाही, पण तेव्हापासून ती माझ्याशी जपून बोलते.

ही भरताची गोष्ट त्याच्या आईला भारी आवडली. "माह्या हातचंबी भरीत खात नव्हता तो," ती म्हणाली, "पण मले कधी बोलला नाई." तिला जरा वाईट वाटलं, की त्याने तिची माफी मागितली नाही.

कूलरचं प्रकरण मात्र मी तिला दम खाऊन खाऊन सांगते, कारण ते आठवलं की अजून माझं डोकं तापते. ईस्टरच्या आधी त्यांचा एक उपवासाचा काळ येतो, चाळीस दिवसांचा. कोणी मटण सोडते, कोणी गोड सोडते. याने कूलर सोडला. मार्च-एप्रिलात. अकोल्यात! इथे त्या दिवसांत डांबर पायाला चिकटते, दुपारी कावळा बोलत नाही, आणि हे महाशय गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत बसून फिजिक्स करून राहिले. खोलीतल्या दुसऱ्या पोराला त्रास नको म्हणून मुद्दाम तिथे गेला होता. दोनदा घेरी येऊन पडला. मी समजावलं, रागावले, कांद्याचा रस तळपायाला चोळला. ऐकेना. तेव्हा मी डोक्यावर पदर घेऊन, रिक्षा करून इथल्या चर्चमध्ये गेले आणि तिथल्या म्हाताऱ्या फादरना म्हटलं, "तुमच्या देवाले सांगा, अकोल्यात कूलर सोडणं म्हणजे उपास नाही, जीव देणं आहे." ते फादर भले माणूस. त्यांनी त्याला बोलावून सांगितलं की देहाची हेळसांड करणं हेही पापच, आणि या काळात तुझा उपवास एवढाच की काकू म्हणतील ते ऐकायचं.

झालं. म्हणजे मला वाटलं, सुटले. हा घरी आला आणि कूलरसमोर खुर्ची टाकून बसला. चेहरा असा की जणू कडू काढा पिऊन राहिला आहे. म्हणाला, "काकू, तुमचं ऐकणं हीच आता माझी तपश्चर्या हाय. काईबी सांगा." मी म्हटलं, दुसरी पोळी घे. घेतली. तिसरी घे. घेतली, डोळ्यांत पाणी. मी चिडून म्हटलं, "माझं ऐकणं इतकं कठीण आहे का रे?" त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "कूलर सोडणं सोपं होतं काकू." इतकी वर्षं मेस चालवली, इतका अपमान कोणी केला नाही.

त्याच्यामागे त्याने मला एक माणूस ठेवला आहे, ते वेगळंच. चौकातला एक दारुडा. एका दुपारी मी मंदिरातून आले तर माझ्या न्हाणीघरात हा त्या दारुड्याला आंघोळ घालून राहिला. माझ्या चंदनाच्या साबणाने. टँकरच्या पाण्याने. मी दोघांनाही बाहेर काढलं. दारुडा ओला, हाही ओला. हा म्हणतो, "काकू, याले दोन पोळ्या देता? आज मंगळवार हाय." मंगळवारचा काय संबंध, ते त्यालाच माहीत. पण त्या दारुड्याने ते ध्यानात धरलं. अजून दर मंगळवारी फाटकाशी येऊन उभा राहतो. पोरगं गेल्याचं त्याला सांगितलं तर ढसाढसा रडला, आणि रडून झाल्यावर पोळ्या मागितल्या. द्याव्याच लागतात. कोणाला सांगणार?

आता गंमत ऐका. हा जो फिजिक्सच्या टेस्टमध्ये असे मार्क आणायचा की मास्तरांनी आशा सोडली होती, जो ती परीक्षा द्यायला उरलाच नाही, त्याच्या कॉटवर झोपलं की नंबर लागतो, असं आता अकोल्यात पसरलं आहे. दोन पोरं तिथे झोपून योगायोगाने पास झाली, बस्स. हिंदू काय, मुसलमान काय, आईबाप येऊन विचारतात, "ती कॉट रिकामी आहे का?" एका बापाने कॉटच्या पायाला नारळ फोडला. लादी नवीन बसवली होती मी. एका बाईने उदबत्तीने गादीला भोक पाडलं. मी म्हणते, अहो, या कॉटवर झोपणारा पोरगा ढेकणांनासुद्धा मारत नव्हता, बाहेर नेऊन सोडायचा, त्याच्यामुळे सगळ्या घराला ढेकूण झाले! तर ती बाई हात जोडून म्हणाली, "किती दया!"

हेच, हेच मला फादरजवळ भोगावं लागलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी माझं सगळं बोलणं टाईप करून आणलं आणि वाचून दाखवलं. भाषा सुंदर. डब्याची गोष्ट होती, तिला नाव दिलं होतं 'औदार्य'. पाण्याची होती, ती 'सत्यनिष्ठा'. भरीत 'विनय' झालं. मी म्हटलं, "फादर, मी त्याला किती शिव्या घातल्या ते कुठे आहे?" ते म्हणाले, "आहे ना." आणि वाचलं, 'घरमालकीणबाईंचे कठोर बोल तो प्रसन्न मुखाने सोसत असे.' म्हणजे तो संत आणि मी त्याची परीक्षा! शंभर वर्षांनी लोक मला त्याची कैदाशीण म्हणून ओळखतील. मी म्हटलं, "प्रसन्न मुख वगैरे काही नव्हतं. तोंड पाडून जिन्यात बसायचा." फादर अदबीने म्हणाले, "काकू, आम्हाला त्याचे दोषही हवे आहेत. नुसतं गोड सांगितलं तर वर रोममध्ये कोणी मान्य करत नाही." अहो, मी दोषच सांगून राहिले होते!

मला राग आला तो आलाच. पण त्याची आई खचली. कारण रविवारी मी तिला फोनवर जे सांगायची, तेच फादरनाही सांगितलं होतं, आणि ते पुढे अमरावतीला चर्चमध्ये प्रवचनात यायचं. भरीत आलं. कूलर आला, आणि तोही असा, की म्हातारे लोक डोळे पुसू लागले. एका रविवारी तिने जेवणाचं विचारलं, पण तक्रार मागितली नाही. मग म्हणाली, "तेबी गेलं ताई. आता कूलरजवळबी तो फोटोतलाच बसून हाय."

आणि एका दुपारी ती सरळ अकोल्याला आली. मी पोरांच्या पोळ्या लाटून राहिले होते. तिने न विचारता दुसरा पाट घेतला आणि माझ्यासमोर बसून गोळे करू लागली. बारीक झाली होती. मग खाली मान घालूनच विचारलं, "ताई, खरंखुरं वाईट असं काईच नाई केलं का त्यानं? ज्याच्यातून कोणालेच काई चांगलं काढता येनार नाई असं? माह्यं पोरगं होतं, माह्या पोटचं. मी वळखते न त्याले. त्यानं केलंच असन."

मी तवा खाली उतरवला. केलं होतं. एकच, पण केलं होतं. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं, कारण त्याच्या जाण्यानंतर ते सांगावंसं वाटलं नाही, आणि त्याआधी ते इतकं लाजिरवाणं होतं की मी त्याला आणि त्याने मला वचन दिलं होतं.

सांगितलं तिला.

तिचा हात पिठात तसाच राहिला. "माह्या पोरानं?"

"तुझ्याच पोरानं."

"अन् तुमाले तोंडावर खोटं बोलला?"

"तोंडावर. देवाची शपथ घेऊन."

"अन् मंग सापडला तवा?"

"हसला. दात काढून हसला मेला."

तिचे डोळे असे झाले की मी घाबरले. मग ती ताडकन उभी राहिली, पिठाचा हात कमरेवर, आणि ओरडली, "येऊ द्या त्याले घरी! कान उपटीन त्याचा! वाटलं काय त्याले, माय साधी हाय म्हनून? येऊ द्या, दाराबाहेर उभा करीन दिवसभर, जेवाले नाई देनार!" वरून दोन पोरं जिन्यात डोकावली. मी त्यांना हाताने हाकललं. ती अजून बोलतच होती, त्याला, माझ्या मागच्या भिंतीकडे बोट करून, नाव घेऊन घेऊन. आणि बोलता बोलता थांबली. कुठे आहोत ते तिला आठवलं. मला वाटलं, आता कोसळते. पण ती खाली बसली आणि हसायला लागली. पोट धरून हसली, पदराने तोंड दाबून हसली, आणि त्यातच रडली, आणि मीही रडले. किती दिवसांनी रडले मी त्या पोट्ट्यासाठी! तोवर नुसतीच चिडत होते.

"दिसला ताई," ती म्हणाली. "आत्ता दिसला मले." मग पदर सावरला, उरलेले गोळे केले, आणि निघताना फाटकाशी थांबून म्हणाली, "हे फादरले नका सांगू."

फादर परवा पुन्हा आले होते. मोबाईल टेबलावर. "काकू, शेवटचं विचारतो. काही राहिलंय का सांगायचं? एखादी चूक, एखादं खोटं? मनावर घेऊ नका, पण तेही लागतं." चांगला माणूस आहे तो, मनापासून काम करतो. मी त्यांच्या डोळ्यांत पाहून सांगितलं, "काही नाही फादर. होतं तेवढं सगळं दिलं." ते चहा पिऊन गेले.

आता तुम्ही म्हणाल, फादरचं ठीक आहे, आम्हाला तरी सांगा. नाही सांगणार. तुम्ही भली माणसं आहात, तीच तर अडचण आहे. तुम्ही ते घरी न्याल, त्यावर विचार कराल, आणि चार दिवसांत त्याच्यातही काहीतरी चांगलं शोधून काढाल. मग तिने डोळे मिटल्यावर काय पाहायचं? त्याचं बाकी सगळं तुम्ही घ्या. एवढं त्याच्या आईला राहू द्या.